शेवट सगळ्यांना माहीत असताना मिडल-अर्थमध्ये गेम चालवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच खेळाडूंचा ग्रुप, आजवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या रोल-प्लेइंग गेमची पाचवी आवृत्ती खेळलात, आणि आता टोल्किनच्या मिडल-अर्थमध्ये कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, चालवायचं मनात आहे. दोघांना टोल्किनची पुस्तकं परिशिष्टांसकट तोंडपाठ, बाकी तिघांनी फक्त सिनेमे पाहिलेत. अंगठीचं शेवटी काय होतं ते पाचही जणांना ठाऊक. मग खेळायला उरतं काय? तुमच्याकडून एखादा तपशील चुकला आणि ते दोघं टेबलावरच दुरुस्त्या सांगत बसले, तर काय करायचं? आणि नियम तेच ठेवायचे की बदलायचे? मी बरीच वर्षं याच जगात गेम चालवतोय आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तपशील चुकण्याची भीती मला वरवरची वाटते. खरी अडचण आहे ती खेळाडूंच्या हातून जे घडेल त्याला वजन असेल की नाही, ही. स्वतः बनवलेल्या जगात तुम्ही ‘जग वाचेल का?’ हा प्रश्न टेबलावर ठेवू शकता, कारण उत्तर कोणालाच माहीत नसतं. मिडल-अर्थमध्ये ते उत्तर छापून झालेलं आहे: तिसऱ्या युगाच्या ३०१९ साली २५ मार्चला अंगठी नष्ट होते आणि अंधाराचा स्वामी सॉरॉन संपतो. तुमच्या कॅम्पेनचा मुख्य प्रश्न हाच असेल, तर खेळाडू नुसते बघे होतात. पण पानिपतावर काय झालं हे माहीत असतं म्हणून त्या काळातल्या एखाद्या घराची गोष्ट रंगायची थांबत नाही. त्या घराचं काय झालं ते आपल्याला माहीत नसतं. तुम्हाला असाच प्रश्न शोधायचा आहे, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि जो तुमच्या पाच जणांना मनापासून महत्त्वाचा वाटेल.

बरंचसं ग्रुपवर अवलंबून आहे, हेही सांगतो. तुमच्या खेळाडूंना दर लेव्हलला नवी जादू, नवं शस्त्र आणि मोठा राक्षस हवा असेल, तर डीअँडडीच्या फॉरगॉटन रेल्म्ससारखं जग त्यांना जास्त मानवेल. तिथे जादूगार गल्लोगल्ली भेटतात. मिडल-अर्थची गोडी वेगळी आहे. इथे प्रवास लांबचा असतो, थकवा खरा असतो, तलवारी जुन्या असतात आणि चांगुलपणा टिकवणं हेच अवघड काम असतं. ते आवडेल का, हे पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांना विचारून घ्या. तीनच सेशन खेळायची असतील तर पुढचं बरंचसं लागू नाही. मी वर्षभर किंवा जास्त चालणारं कॅम्पेन धरून लिहितोय.

पहिला निर्णय सालाचा. माझी शिफारस २९६५, तिसरं युग. ‘द वन रिंग’ या गेमच्या दुसऱ्या आवृत्तीने हेच साल धरलंय, पण मी ते केवळ त्यासाठी सुचवत नाही. आजूबाजूची सालं मांडून बघा. २९४१ मध्ये बिल्बो या हॉबिटचा (बुटक्या जमातीतल्या माणसाचा) प्रवास झाला, स्मॉग ड्रॅगन मेला, पाच सैन्यांची लढाई झाली. २९५१ मध्ये सॉरॉनने मॉर्डोरमध्ये स्वतःला उघडपणे जाहीर केलं. २९५३ मध्ये व्हाइट कौन्सिलची, म्हणजे सॉरॉनविरोधी शहाण्यांच्या मंडळाची, शेवटची बैठक झाली. बिल्बोची ती प्रसिद्ध वाढदिवसाची मेजवानी ३००१ मध्ये आणि फ्रोडो घर सोडतो ते ३०१८ मध्ये. म्हणजे २९६५ मध्ये अंधार वाढतोय हे शहाण्यांना कळलंय, सामान्य माणसाला अजून कळलेलं नाही, आणि पुस्तकातली मोठी हालचाल सुरू व्हायला पन्नासेक वर्षं आहेत. या मधल्या काळाबद्दल परिशिष्टात जेमतेम काही ओळी आहेत. बाकीची जागा तुमची.

दुसरे पर्याय वाईट नाहीत. ग्रुपला ड्वार्फ आणि त्यांचा एरेबोर डोंगर प्रिय असतील तर २९४६ घ्या. ‘द वन रिंग’ची २०११ ची पहिली आवृत्ती तिथेच, मर्कवूडच्या आसपास घडते आणि नव्याने वसलेलं डेल शहर फार छान चालतं. १९८४ च्या जुन्या ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’ने १६४० च्या आसपासचा, महामारीनंतरचा काळ धरला होता. तिथे मोकळीक भरपूर, पण सिनेमेवाल्या तिघांना ओळखीचं फारसं काही सापडणार नाही. चौथं युग मी स्वतः टाळतो. सॉरॉन गेल्यावर या जगातली ती सततची टांगती तलवार निघून जाते, आणि माझ्या मते खेळाची निम्मी ताकद त्या तलवारीत आहे.

आता जागा. अख्खा नकाशा उघडू नका. ब्री हे गाव, तिथून दक्षिणेला जाणारा ग्रीनवे हा जुना रस्ता आणि त्याच्या टोकाला थार्बाड, एवढी पट्टी वर्षभर पुरते. हा सगळा एरियाडोर म्हणजे मोडून गेलेलं राज्य. त्या राज्याचे, म्हणजे आर्नोरचे, ८६१ मध्ये तीन तुकडे झाले, आंगमार या शत्रुराज्याने ते एकेक करून गिळले, १९७४ मध्ये शेवटची राजधानी फोर्नोस्ट पडली. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं इथे राजा नाही. दोन वस्त्यांच्या मध्ये कित्येक दिवसांची ओसाड वाट, वाटेत ओळखू न येणारी जोती आणि जुन्या थडग्यांच्या टेकड्या. साहसाला याहून चांगलं मैदान मला माहीत नाही.

थार्बाडचं उदाहरण जरा उलगडून सांगतो, कारण ‘पुस्तकात उत्तर नसलेला प्रश्न’ म्हणजे काय ते त्यातून कळेल. ग्रेफ्लड नदीवरचं हे एकेकाळचं मोठं शहर. २९११ चा भयंकर हिवाळा आणि त्यानंतर आलेले पूर यांत ते उद्ध्वस्त झालं आणि २९१२ पासून ओस पडलं. पूल कोसळला, राहिला तो फक्त उतार, म्हणजे पात्रातून पार व्हायची जागा, तीही धोक्याची. ३०१८ मध्ये गोंडोर या दक्षिणेतल्या राज्याचा बोरोमिर एल्फांच्या रिव्हेंडेलला जाताना याच उतारावर त्याचा घोडा गमावतो. पुस्तक एवढंच सांगतं. मधल्या शंभरेक वर्षांत तो उतार कोणी सांभाळला का? पाण्यात खुणेचे खांब कोणी रोवले का? दक्षिणेकडून पळून येणारी कुटुंबं तिथून पार झाली की बुडाली? याबद्दल एक अक्षर नाही.

आमच्या कॅम्पेनमध्ये खेळाडूंनी हेच काम अंगावर घेतलं. एक म्हातारा नावाडी, त्याची नात, आणि नदीपात्रात रोवायचे ओकचे खांब. पुस्तक पाठ असलेल्या एका खेळाडूला पहिल्याच संध्याकाळी बोरोमिरचा घोडा आठवला. तो म्हणाला, “म्हणजे हे खांब पन्नास वर्षांनी नसणार.” टेबल शांत झालं. मग शायर या हॉबिटांच्या प्रदेशातली हॉबिट खेळणारी मुलगी म्हणाली, “पण या हिवाळ्यात तर असतील ना?” त्या क्षणापासून ते काम त्यांचं झालं. शेवट माहीत असल्याने काही बिघडलं नाही, उलट खांबांची किंमत वाढली. तुमच्या जाणकार दोघांना घाबरू नका असं मी म्हणतो ते यामुळेच. त्यांच्या माहितीमुळे प्रसंगाला जी खोली येते, ती तुम्ही एकट्याने कितीही वर्णन केलंत तरी येणार नाही.

तरीही व्यवहारात काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या. पहिल्या सेशनला स्पष्ट सांगा की हे आपल्या टेबलावरचं मिडल-अर्थ आहे: पुस्तकात लिहिलेलं खरं धरायचं, पण खेळात एकदा काही घडलं की तेच खरं. दुरुस्त्या सेशन संपल्यावर. अपवाद एकच, एखाद्याच्या कॅरेक्टरचा आत्ताचा निर्णय त्या माहितीवर अवलंबून असेल तर तेव्हाच बोलायचं. आणि जाणकारांना अधिकार द्या. एकाला लिंडनचा एल्फ घेऊ द्या, दुसऱ्याला उत्तरेचा रेंजर, म्हणजे ओसाड प्रदेश राखणारा भटक्या. एखादा पडका बुरूज समोर आला की मी वर्णन अर्ध्यावर थांबवून विचारतो, “हा कोणी बांधला ते तुझ्या लोकांत काय सांगतात?” तो जे सांगेल ते टेबलावर खरं. दुरुस्त्या सांगायची त्याची ऊर्मी तिथे कामाला लागते आणि सिनेमेवाल्यांनाही ती माहिती एका सोबत्याच्या तोंडून मिळते. तुम्ही स्वतः मात्र ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं कालक्रमाचं परिशिष्ट, निदान २९४१ पासून पुढचं, वाचून ठेवा. मोजकी पानं आहेत, एका बैठकीत होतात.

प्रसिद्ध पात्रांबद्दल माझा नियम कडक आहे. जादूगार गँडाल्फ दारात येतो, काम सांगतो आणि निघून जातो. तो खेळाडूंच्या बाजूने कधी लढत नाही, कारण तो लढला की त्यांच्याकडे काही उरत नाही. बिल्बो पंचाहत्तरीचा आहे, बॅग-एंड या आपल्या घरात मजेत राहतो. एखादी संध्याकाळ त्याच्याकडे चहाला जरूर जा. त्याच्या खिशातल्या त्या अंगठीजवळ कथा नेऊ नका. पुढे राजा होणाऱ्या ॲरागॉर्नची अडचण तर कालक्रमच सोडवतो. २९५७ ते २९८० या काळात तो दूरच्या प्रवासांवर असतो, नाव बदलून रोहान आणि गोंडोरच्या राज्यकर्त्यांची सेवा करतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: एरियाडोरच्या रेंजर्सचा सरदार घरी नाही. मूठभर माणसांनी प्रचंड प्रदेश राखायचाय आणि त्यांचा प्रमुख कुठे आहे हे त्यांच्यातल्याही बहुतेकांना माहीत नसणार. तुमच्या पाच जणांची गरज का आहे, या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर नाही.

खलनायक हवा असेल तर जादूगार सारुमान घ्या, पण लांबून. २९५३ नंतर तो आयझेनगार्डचा किल्ला स्वतःचा म्हणून बळकट करतो, गँडाल्फवर हेर ठेवतो आणि लवकरच ब्रीमध्ये आणि शायरच्या दक्षिण भागात आपली माणसं पेरायला लागतो. हे थेट परिशिष्टात आहे. तेव्हा सगळ्या जगाच्या दृष्टीने तो व्हाइट कौन्सिलचा प्रमुख, सज्जन विद्वान. सिनेमे पाहिलेल्या खेळाडूंना तो कोण ते माहीत आहे, त्यांच्या कॅरेक्टर्सना नाही. ब्रीच्या खानावळीत एक सभ्य माणूस येतो, जुने नकाशे चांगल्या किमतीला घेतो, शायरची चौकशी करतो आणि सहज बोलता बोलता आयझेनगार्डचं नाव काढतो. खेळाडू एकमेकांकडे बघतात, पण कॅरेक्टर्सना त्याला नकाशा न विकायला कारण नसतं. त्या दहा मिनिटांत जो ताण येतो तो कोणत्याही ऑर्कच्या टोळीने येत नाही. खेळाडूंनी स्वतःची माहिती बाजूला ठेवून नकाशा विकला, तर त्यांचं मनापासून कौतुक करा.

आता नियमांकडे येतो. डीअँडडीची पाचवी आवृत्ती सगळ्यांना येते ही मोठी सोय आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ती जशीच्या तशी इथे आणलीत तर प्रवास मरतो. ‘गुडबेरी’ हा एक मंत्र असला की वाटेतल्या उपासमारीचा प्रश्न मिटला. एक लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली की सगळ्या जखमा बऱ्या. पाचव्या लेव्हलला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र आला की ट्रोलची भीती गेली. नियम शिकायला वेळ नसेल तर २०२३ साली फ्री लीगने पाचव्या आवृत्तीवर बेतलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज रोलप्लेइंग’ काढलाय, तो घ्या. तेही नको असेल तर निदान मंत्र टाकणारे क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) काढून टाका आणि लाँग रेस्ट फक्त सुरक्षित घरात मिळेल असं ठरवा, म्हणजे ब्रीची खानावळ, रिव्हेंडेल, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचं घर. हे दोन बदल केलेत तरी खेळाचा नूर पालटतो.

मी स्वतः ‘द वन रिंग’ची दुसरी आवृत्ती चालवतो. कारण तिचे नियमच या जगाचा स्वभाव ओळखून लिहिलेत. एक बारा बाजूंचा फासा, त्यावर एक ते दहा आकडे, एक गँडाल्फची खूण आणि एक सॉरॉनचा डोळा. गँडाल्फ पडला की यश नक्की, डोळा पडला तर तो फासा शून्य. सोबत कौशल्यानुसार सहा बाजूंचे फासे. दमलेल्या कॅरेक्टरसाठी या सहा बाजूंच्या फाशांवरचे एक, दोन आणि तीन शून्य धरले जातात.

वाचताना हे किरकोळ वाटतं, टेबलावर बघा. थार्बाडच्या उतारावर ब्रीची एक बाई पाठीवर नावाड्याच्या नातीला घेऊन पाण्यात उतरली होती. तिला फाशांच्या बेरजेत १४ हवे होते. बारा बाजूंच्या फाशावर ७, बाकीचे २, ३ आणि ५. एरवी बेरीज १७, आरामात पार. पण ती दमलेली होती, त्यामुळे २ आणि ३ गेले, उरले १२. पाण्याने तिला खांबापासून सोडवलं. या गेममध्ये अंगातलं बळ सामानाच्या ओझ्याएवढं किंवा त्याखाली आलं की माणूस दमतो. तिचं बळ १२, ओझं १३. त्यात ४ शिरस्त्राणाचे. ते शिरस्त्राण तिच्या वडिलांचं होतं, कॅरेक्टर बनवतानाच तिने ते लिहून ठेवलं होतं. खेळाडूने कॅरेक्टर शीटकडे पाहिलं, खोडरबर घेतला आणि ती ओळ पुसली. ओझं ९, दमणं संपलं, पुढचा रोल पूर्ण फाशांनी. पुढची दोन-तीन सेशन ती त्या शिरस्त्राणाबद्दल बोलत होती. हे मी घडवून आणलेलं नाही, नियमांनीच ती निवड तिच्यासमोर ठेवली.

दुसरी जोडी आशा आणि सावली यांची. आशा खर्च करून जास्तीचा फासा मिळतो. भयानक काही पाहिलं, लोभ सुटला, कैद्याला मारलं, खोटं बोलून काम साधलं, की सावली वाढते. सावली आशेला गाठते तेव्हा कॅरेक्टर खचतं, आणि खचलेलं असताना डोळा पडला की रोल सरळ फसतो. डीअँडडीहून आलेल्या खेळाडूंना हे आधी नीट समजावून सांगा. त्यांना पकडलेल्या गॉब्लिनला धमकावून माहिती काढायची सवय असते. इथे तसं करता येतं, पण त्याचा हिशेब शीटवर राहतो. शिक्षा म्हणून मी सावली कधीच देत नाही. कृतीच्या आधी सांगतो, “हे केलंस तर सावली येईल, करायचं?” निवड डोळसपणे झाली पाहिजे.

मराठीत खेळणार असाल, आणि खेळाच असं माझं म्हणणं आहे, तर आपल्या हाती एक गंमत आहे. टोल्किनने परिशिष्टात नोंदवलंय की शायरच्या हॉबिटांच्या बोलीत आदराचं संबोधन उरलेलं नव्हतं. पिपिन हा हॉबिट गोंडोरमध्ये तिथल्या राज्यकर्त्याशी, खुद्द डेनेथॉरशीही सलगीने बोलतो आणि लोकांना तो कोणी फार मोठा माणूस वाटतो. इंग्रजीत हे दाखवणं कठीण. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण तयारच आहेत. हॉबिट सगळ्यांना अरे-तुरे करतात, ब्रीची माणसं अनोळखी माणसाला अहो-जाहो करतात, एल्फांच्या दरबारात ‘आपण’ चालतं. हॉबिट खेळणाऱ्याने रिव्हेंडेलच्या एल्रॉन्डला “तू दमलास का रे?” असं विचारलं की आख्खं टेबल चमकतं. नावं मात्र मूळचीच ठेवा आणि सेशनआधी मोठ्याने म्हणून पाहा.

इथवर साल, जागा, जाणकार, मोठी पात्रं आणि नियम झाले. तयारी किती करायची ते सांगून थांबतो. पहिल्या सेशनला मी तीनच गोष्टी लिहून नेतो: एक माणूस ज्याला मदत हवी आहे, एक माणूस ज्याला ती मदत पोचायला नको आहे, आणि दोघांच्या मधली वाट. वाटेवर काय भेटेल ते प्रवासाचे फासे बऱ्यापैकी ठरवतात. ‘द वन रिंग’मध्ये वाटाड्या, शिकारी, टेहळ्या आणि पुढे जाऊन वाट शोधणारा अशा भूमिका असतात, त्या खेळाडूंनी आपसात वाटून घ्यायच्या. पाच जणांत एखादी भूमिका दोघं घेतील, वाटाड्या तेवढा एकच. पाठ केलेली वर्णनं नेऊ नका. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूला आधी विचारून ठेवा की ब्रीमध्ये किंवा आसपास त्याच्या कॅरेक्टरचं कोण राहतं. पाच खेळाडूंची पाच नावं आली की तुमची पहिली सहा महिन्यांची गोष्ट जवळपास तयार झाली, कारण त्यातलं प्रत्येक माणूस कधीतरी अडचणीत येणार आहे.

आणि एका खेळवर्षात एकच मोठं साहस ठेवा. हिवाळ्यात सगळे घरी परततात, यूल हा हिवाळी सण साजरा करतात, कोणी जखमा भरून काढतं, कोणी शेत बघतं, कोणी गाणं रचतं. नियमांत या विसाव्याला वेगळा टप्पा आहे, तो घाईने उरकू नका. आमच्याकडे त्यासाठी कधी कधी आख्खं सेशन जातं. २९६५ पासून असं पुढे जात राहिलात तर तुमच्या खेळाडूंची कॅरेक्टर्स म्हातारी होतील, काहींची मुलं खेळात येतील. बिल्बोच्या मेजवानीपर्यंत पोचलात, तर त्या रात्री मांडवात कोण कुठे बसलं होतं ते त्या दोन जाणकारांनाच सांगू द्या.